सातव्या महिन्यात माहेरी जाताना रक्तगटाचा कागद बरोबर हवा

रक्तपेढीच्या खिडकीमागे माझी वीस वर्षं गेली. रात्रपाळीत एक चिठ्ठी हातात आली की आजही पोटात खड्डा पडतो. "बाळ, वय ३० तास, वजन अडीच किलो, रक्त बदलण्यासाठी." चिठ्ठी आणणारा बहुतेकदा बाळाचा मामा असतो, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. मी विचारते, "बहिणीचा रक्तगट काय?" तो म्हणतो, "कार्ड तिच्या सासरी राह्यलंय की ओ मॅडम." बरं, तिच्या रक्ताचा नमुना? "ती तर गावाकडच्या दवाखान्यातच हाय. बाळाला तेवढं हिकडं आणलंय." गाव बार्शी असो, अक्कलकोट असो की सांगोला, तिथून आईच्या रक्ताची एक बोटभर बाटली सोलापुरात पोचेपर्यंत जे तास जातात ते त्या बाळाच्या वाट्याचे असतात.

आई आणि बाळाचा रक्तगट न जुळल्यामुळे होणारी कावीळ आज बहुतांशी टाळता येते, आणि टळली नाही तरी वेळेत आवरता येते. त्यासाठी काय करायचं ते पहिल्या महिन्यापासून बाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत क्रमाने सांगते. औषधाचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण कोणता प्रश्न कधी विचारायचा हे घरातल्या माणसांना ठाऊक हवं.

आधी हे नेमकं होतं काय

गरोदरपणात आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत सहसा मिसळत नाही. मध्ये वार असते. पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं. रक्तगटापुढे लिहितात ते पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह म्हणजे आरएच. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीराला त्या लाल पेशी परक्या वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. त्या तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुखरूप सुटतं. शरीर मात्र ती ओळख विसरत नाही. पुढच्या खेपेला पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्याच अँटीबॉडी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, आणि वेळेवर कळलं नाही तर बाळ पोटात दगावूही शकतं.

दुसरा प्रकार याहून कितीतरी जास्त आढळतो आणि त्याच्याकडेच जास्त दुर्लक्ष होतं. आई ओ गटाची, बाळ ए किंवा बी गटाचं. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्धच्या अँटीबॉडी लहानपणापासून असतातच, आणि त्यांतल्या काही वार ओलांडू शकतील अशा जातीच्या असतात. म्हणून इथे पहिलं बाळही सुटेल याची खात्री नाही. हा त्रास आरएचच्या मानाने सौम्य. बहुतेक बाळांना काहीच होत नाही, काहींना उपचार लागेल इतकी कावीळ होते, रक्त बदलायची वेळ क्वचित येते. पण आपल्याकडे ओ आणि बी हेच दोन गट सर्वांत जास्त, त्यामुळे ओ आई आणि बी बाळ ही जोडी घरोघरी दिसते.

"पोरगी पॉझिटिव्ह हाय की, मग बाळाला रक्तगटाची कावीळ कशी?" हा प्रश्न मी किती आज्यांच्या तोंडून ऐकला असेल! पॉझिटिव्ह म्हटलं की घर निर्धास्त होतं. कार्डावर "ओ पॉझिटिव्ह" असेल तर त्यातल्या "ओ"कडेही बघा.

पेशी फुटल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बाहेर पडतं. नवजात बाळाचं यकृत नवखं असतं, त्याला ते उपसून टाकायला जमत नाही. ते साठलं की कातडी पिवळी होते, आणि प्रमाणाबाहेर साठलं तर मेंदूत शिरतं. तिथे झालेली इजा भरून येत नाही: ऐकू न येणं, हातपाय ताठ राहणं. आपली सगळी धडपड बिलिरुबिन तिथवर पोचू नये म्हणून.

पायरी पहिली: दोघांचे रक्तगट, पहिल्याच तपासणीत

आईचा गट पहिल्या तपासणीतच करून घ्या. शाळेच्या शिबिरात काढलेल्या किंवा ओळखपत्रावर छापलेल्या गटावर विसंबू नका. आई निगेटिव्ह निघाली की नवऱ्याचाही तपासा. तोही निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्हच होणार, आरएचची चिंता मिटली. नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. आपल्या देशात आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात साधारण पाच. थोडी आहेत, म्हणूनच विसरली जातात.

पायरी दुसरी: आधीचं सगळं डॉक्टरांना खरं सांगा

आधी पडलेलं मूल, गोळ्या घेऊन केलेला गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, कधी घेतलेलं रक्त, गरोदरपणात अंगावरून गेलेलं रक्त किंवा पोटावर बसलेला मार, या प्रत्येक वेळी बाळाचं किंवा परकं रक्त आईच्या रक्तात मिसळलेलं असू शकतं. म्हणजे कार्डावर "पहिली खेप" लिहिलेलं असलं, तरी शरीराच्या हिशेबात ती दुसरी असते.

हे नाजूक आहे, मला कळतं. लग्नानंतर लगेच राहिलेला आणि मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच सोडवलेला गर्भ सासूसमोर कुणी सांगत नाही. तेव्हा अँटी-डी, म्हणजे निगेटिव्ह आईच्या शरीरात त्या अँटीबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन, घेण्याचा प्रश्नच उद्भवलेला नसतो. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना सांगा, "मला दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय." त्या हो म्हणतील. आणि निगेटिव्ह बाईचा गर्भ कितव्याही आठवड्यात पडला तरी अँटी-डी लागेल का, हे त्याच दिवशी विचारा. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण गर्भ पडल्याचं त्यांना कळायला तर हवं.

पायरी तिसरी: आयसीटी आणि २८ वा आठवडा

निगेटिव्ह आईची इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, म्हणजे आयसीटी, करतात. आईच्या रक्तात त्या अँटीबॉडी आधीच तयार झाल्यात का, हे ती सांगते. एकदा सुरुवातीला, एकदा २८ व्या आठवड्याच्या सुमारास. टेस्ट निगेटिव्ह आली तर २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन दंडात घ्यायचं, सहसा ३०० मायक्रोग्रॅमचं. आईच्या रक्तात उतरलेल्या बाळाच्या पेशी हे औषध तिच्या शरीराने दखल घ्यायच्या आतच निकालात काढतं.

आता पंचांग आणि आठवडे शेजारी ठेवून बघा. २८ वा आठवडा म्हणजे सातवा महिना. सातव्यात डोहाळजेवण, ओटी भरणं, आणि मग लेक माहेरी. सासरच्या डॉक्टरांना वाटतं इंजेक्शन माहेरी घेईल. माहेरच्या डॉक्टरांना वाटतं घेऊन आली असेल. मी खिडकीतून पाहिलेल्या कितीतरी चुका याच फटीत झाल्यात, आणि दोन्हीकडची माणसं प्रेमाने, लगबगीने वागत असताना झाल्यात. म्हणून इंजेक्शन घेऊनच निघा, नाहीतर माहेरच्या डॉक्टरांकडे तारीख ठरवून मग निघा.

दोन बारकावे. आयसीटीसाठी रक्त आधी द्यायचं आणि इंजेक्शन नंतर घ्यायचं, कारण इंजेक्शननंतर टेस्ट काही आठवडे हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते. पुढे कुठल्याही लॅबमध्ये गेलात तर "मी अमुक तारखेला अँटी-डी घेतलंय" हे आपणहून सांगा. नाहीतर आम्ही विनाकारण घाबरतो आणि तुम्हालाही घाबरवतो. दुसरं म्हणजे हे औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं, गोठताही कामा नये. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते गाडीच्या डिकीत टाकून सात रस्त्यापासून नईजिंदगीपर्यंत नेऊ नका. बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्ये न्या, औषध बर्फाला थेट चिकटू देऊ नका. जिथे इंजेक्शन द्यायचं तिथेच मागवलेलं सर्वांत बरं.

आयसीटी पॉझिटिव्ह आली तर या इंजेक्शनचा उपयोग उरत नाही, वाट वेगळी होते. अँटीबॉडीचं प्रमाण मोजत राहायचं, ते वाढलं तर डॉपलर सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग बघून रक्तक्षयाचा अंदाज घ्यायचा, गरज पडली तर पोटातल्या बाळालाच रक्त द्यायचं. असं रक्त पहिल्यांदा न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये दिलं. आज पुण्या-मुंबईत त्याचे तज्ज्ञ आहेत. डॉक्टरांनी "मोठ्या ठिकाणी जा" म्हटलं की त्याच आठवड्यात निघा.

पायरी चौथी: दवाखान्याच्या पिशवीत काय

दुपटी, टोपडी, तुपाचा डबा सगळं आठवणीने भरलं जातं. त्याबरोबर एका प्लास्टिकच्या पाकिटात हे ठेवा: आईच्या रक्तगटाचा मूळ रिपोर्ट, नवऱ्याचा रिपोर्ट, आयसीटीचे सगळे कागद आणि अँटी-डीच्या बाटलीवरचा स्टिकर किंवा तारीख. मोबाइलमध्ये फोटो असतोच, पण रात्री दोन वाजता मोबाइल कुणाच्या तरी खिशात आणि तो माणूस चहाला गेलेला असतो.

एक गोष्ट त्या पिशवीतून नक्की बाहेर काढा: दुपट्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्या. जुनी दुपटी ट्रंकेतून निघतात, त्यांना तो वास असतो. जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही फुटू शकतात, आणि कुठल्या बाळात ते कमी आहे हे जन्मताना कुणाला ठाऊक नसतं. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरा.

पायरी पाचवी: जन्म होताच नाळेतलं रक्त

आई निगेटिव्ह असो की ओ गटाची, लेबर रूममध्ये जाण्याआधीच सांगून ठेवा: "बाळाच्या नाळेतलं रक्त गट आणि डीसीटीसाठी पाठवाल ना?" डीसीटी म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, आईच्या अँटीबॉडी बाळाच्या लाल पेशींवर चिकटल्यात का ते बघणारी. या रक्तासाठी बाळाला सुई टोचावी लागत नाही.

आमच्याकडे ते आलं की काय होतं ते सांगते. बाळाच्या लाल पेशी सलाइनने तीन-चार वेळा धुवायच्या. त्यावर कूम्ब्स सीरमचे दोन थेंब. नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून बाहेर काढायची, की तळाशी एक लाल ठिपका बसलेला असतो. नळी उजेडात धरून बोटाने हलकीच टिचकी द्यायची. पेशींवर काही चिकटलेलं नसेल तर तो ठिपका धुरासारखा उलगडत पाण्यात विरून जातो. आईच्या अँटीबॉडी चिकटलेल्या असतील तर तो विरत नाही, तुटून खडे होतात, गाळलेल्या डाळिंबाच्या रसात गर राहावा तसे. ते खडे दिसले की मी रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, आधी वॉर्डला फोन लावते.

ओ आईच्या बाळात मात्र ही टेस्ट हलकी किंवा निगेटिव्हही येते. ती निगेटिव्ह आली म्हणून बाळावरची नजर काढायची नाही.

पायरी सहावी: ७२ तास

बाळ पॉझिटिव्ह निघालं तर निगेटिव्ह आईला जन्मापासून ७२ तासांच्या आत अँटी-डीचा दुसरा डोस. सातव्या महिन्यात घेतलं असलं तरीही. बाळ निगेटिव्ह असेल तर गरज नाही. चुकून ७२ तास उलटले तर सोडून देऊ नका. दहा दिवसांपर्यंत दिलेल्या डोसाचाही थोडाफार उपयोग होऊ शकतो, डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला. प्रसूतीच्या वेळी फार रक्तस्राव झाला असेल किंवा वार हाताने काढावी लागली असेल, तर एक डोस पुरेल का, हेही विचारा.

औषध महाग वाटतं, पण सरकारी दवाखान्यात विचारल्याशिवाय बाहेरून विकत आणू नका. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे, आणि आजारी बाळालाही एक वर्षापर्यंत हे लागू आहे. हे औषध दात्यांच्या प्लाझ्मातून बनतं, १९६८ पासून वापरात आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यभरात ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला. दात्यांच्या याद्या करणाऱ्या माझ्यासारखीला तो आकडा वाचून भरून येतं.

पायरी सातवी: पहिला आठवडा, आणि बाळंतिणीची खोली

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हे माझ्याच घरात घडलंय.

माझी धाकटी बहीण ओ पॉझिटिव्ह. पहिलं बाळंतपण, नॉर्मल, दुसऱ्याच दिवशी दवाखान्याने घरी सोडलं. नाळेतलं रक्त कुणी पाठवलं नव्हतं, आणि मी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर खोलीची खिडकी बंद, पडदा ओढलेला, कोपऱ्यात धुरी, मिणमिणता दिवा. बाळाला तेल-हळद लावून न्हाऊ घातलेलं. शांत झोपलंय, आवाजच नाही, असं सगळे कौतुकाने सांगत होते. मी त्याला उचलून अंगणाच्या दारात उजेडाला आणलं आणि कपाळावर अंगठा दाबून सोडला. दाबल्यावर कातडी पांढरी दिसायला हवी. ती पिवळीधमक होती. छातीवर दाबलं, तिथेही. पोटावरही.

आई म्हणाली, "पाचवी पुजल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत गं." मी म्हटलं, "आई, सटवाईला आपण दवाखान्यात नमस्कार करू." बिलिरुबिन साडेसतरा निघालं, तेही ४० तासांच्या आत. बाळाचा गट बी. दोन दिवस निळ्या उजेडाखाली ठेवल्यावर ते उतरलं.

पूर्ण दिवसांच्या बाळात साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन आठवड्यांत जाते. पाचवीपर्यंत दार लावून ठेवायची आपली रीत नेमकी त्याच दिवसांवर बसते. रीत पाळा, पण दिवसातून दोनदा खिडकी उघडा. पहिले पाच दिवस बाळाच्या अंगाला हळद लावू नका. खिडकीतल्या उजेडात बाळाला उघडं करून कपाळ, छाती, पोट, मांडी, तळवे या क्रमाने दाबून बघा. पिवळेपणा वरून खाली उतरतो. सावळ्या बाळात कातडीवर पटकन कळत नाही, तिथे हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा.

लगेच दवाखाना गाठायचा तो या वेळी:
- जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळेपणा दिसला तर. ही कावीळ कधीच साधी धरायची नाही.
- तळहात किंवा तळपाय पिवळे झाले तर.
- बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना, अंग लुळं पडलं तर.
- कर्कश, बारीक आवाजात रडू लागलं, मान मागे टाकून धनुष्यासारखं ताठलं तर. इथे एक मिनिटही थांबू नका, १०८ला फोन करा.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही घरी येतात. त्या आल्या की बाळ झोपलंय म्हणून दारातून परत पाठवू नका. आई ओ किंवा निगेटिव्ह असेल तर घरी सोडतानाच विचारा: बिलिरुबिन केलं का, आणि पुन्हा कधी दाखवायचं?

रिपोर्टमधला आकडा नुसता वाचू नका, तो कितव्या तासाचा आहे ते बघा. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळात चौथ्या दिवशी १० आलं तर डॉक्टर बहुधा घरी पाठवतील. तेच १० विसाव्या तासाला आलं तर दाखल करून घेतील.

कोवळं ऊन, जन्मघुटी, ग्लुकोजचं पाणी, गळ्यात माळ यांतल्या कशानेही ही कावीळ उतरत नाही. आईने वरण-भातातली हळद सोडून काही फरक पडत नाही, तिला पोटभर खाऊ द्या.

पायरी आठवी: दाखल केल्यावर

निळ्या उजेडाच्या उपचारात बाळ फक्त लंगोटावर, डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवतात. त्या उजेडाने कातडीतलं बिलिरुबिन विरघळेल अशा रूपात बदलतं आणि शी-शूवाटे जातं. म्हणून दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायचं. दूध बंद करायचं कारण नाही. घरी निळा झिरोचा बल्ब लावून हा उपचार होत नाही, त्या दिव्यांची तीव्रता मोजून ठरवलेली असते. दिवे बंद केल्यावर बिलिरुबिन पुन्हा थोडं वर येऊ शकतं, म्हणून एक तपासणी नंतरही होईल. तिची वाट बघा, डिस्चार्जची घाई करू नका.

दिव्यांनी भागलं नाही तर रक्त बदलावं लागतं. नाळेच्या शिरेतून थोडं थोडं बाळाचं रक्त काढत तेवढंच नवं घालतात. किलोमागे साधारण १६० मिली, म्हणजे अडीच किलोच्या बाळाला ४०० मिलीच्या आसपास. आरएचच्या त्रासात निगेटिव्ह रक्त लागतं, ओ आईच्या बाळाला ओ गटाच्या पेशी लागतात, आणि दोन्हीकडे ते रक्त आईच्या रक्ताशी जुळवून बघावं लागतं. म्हणून सुरुवातीला सांगितलेला तो मामा मला आठवतो. तालुक्याहून बाळाला सोलापूरला हलवत असाल, तर निघण्याआधी आईच्या रक्ताच्या दोन बाटल्या, एक जांभळ्या झाकणाची आणि एक लाल, तिचं नाव आणि वेळ लिहून बरोबर घ्या. शक्य असेल तर आईलाच गाडीत बसवा, बाळाला तिचं दूधही लागणार आहे.

पायरी नववी: घरी आल्यावर

कावीळ उतरली तरी आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात काही आठवडे राहतात आणि पेशी हळूहळू फोडत असतात. दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा हिमोग्लोबिन करा. बाळ फिकट दिसत असेल, पिताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. कावीळ जास्त झाली असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला किंवा शी पांढुरकी होऊ लागली, तर तो वेगळा आजार असू शकतो, लगेच दाखवा.

लग्न ठरवणाऱ्यांसाठी

दर लग्नसराईत कुणीतरी खिडकीशी येऊन विचारतं, "मुलगी निगेटिव्ह आहे, सोयरीक करावी का?" सोलापूरच्या पूर्वभागातली एक आजी तर दोघांचाही बी पॉझिटिव्ह बघून रडत आली होती, मूल अपंग होईल म्हणून. नवरा-बायकोचा गट एकच असला तर बाळाला त्यामुळे काहीही होत नाही. आणि निगेटिव्ह मुलीला लागतात ती वेळेवर दोन इंजेक्शनं. त्यासाठी ठरलेलं लग्न मोडणाऱ्या घराशी मी भांडले आहे आणि पुढेही भांडेन.

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर मागच्या बाजूला जागा असते. तिथे बॉलपेनने चार ओळी लिहून ठेवा: आईचा गट, बाळाचा गट, डीसीटी काय आली, अँटी-डी कधी दिलं. पुढच्या खेपेला लेक माहेरी निघेल तेव्हा तेच कार्ड पाकिटात सर्वांत आधी टाका.